खत सांगता, मग पाणीही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या सेंद्रिय बागेवर तीन लेख आले. मी तिन्ही कापून ठेवलेत. माती भुसभुशीत कशी करायची, गांडूळखत किती घालायचं, खिडकी कोणत्या दिशेची हवी, उजेड कमी पडला तर कोणता दिवा लावायचा, हे सगळं त्यांत नीट समजावून सांगितलंय. पाण्याबद्दल मात्र तिन्ही लेखांत मिळून एकच वाक्य सापडलं: "नियमित पाणी द्यावे." कोणतं पाणी द्यावं, एवढंच विचारायला हे पत्र लिहायला बसले आणि ते लांबत गेलं. जागा असेल तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यात आमचं गाव येतं. खारपाणपट्टा म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं असतं तो भाग. घरामागच्या बोअरला भर मे महिन्यातही पाणी असतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही आणि नव्या बादलीला महिन्याभरात पांढरा थर चढतो. नळाला धरणाचं गोडं पाणी येतं, तेही चार-पाच दिवसांआड. ते प्यायला आणि रांधायलाच जपून पुरवावं लागतं. झाडांच्या वाट्याला बोअरचंच पाणी येतं.

भाजी घरात का लावली, तेही सांगते. आमची सांदवाडी (घरामागची परसबाग) शेताला लागून आहे आणि शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. पलीकडच्या बांधावर फवारा सुरू झाला की औषधाचा वास थेट चुलीपर्यंत येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून तो वास आला की माझा जीव वरखाली होतो. त्यातून वाचलेलं वानरं ठेवत नाहीत, आणि वानरांनी ठेवलेलं पंचेचाळीस अंशांचं ऊन ठेवत नाही. पाच वर्षांपूर्वी सून पोटुशी होती. तिच्या ताटात रोज औषध न मारलेली हिरवी भाजी असावी, असं मी मनाशी धरलं होतं.

आमच्या घरात कापसाची खोली आहे. धाब्याची, मातीच्या भिंतींची, उन्हाळ्यातही थंड राहणारी. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, आणि कापूस गाडीत गेला की ती खोली पुढच्या दिवाळीपर्यंत रिकामीच असायची. तिला पूर्वेकडे दोन खिडक्या आहेत. खोली झाडून, सारवून घेतली, दोन ट्यूब लावल्या आणि फळ्यांवर मेथी, पालक, सांबार, पुदिना, चार मिरच्या आणि दोन टोपल्यांत घोळ लावली. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.) खत सगळं घरचं होतं. शेणखत मुरवलेलं, गांडूळखत बचत गटातल्या बाईंकडचं आणि पंधरा दिवसांनी जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून मुरवलेलं.

सांबार अर्धाही उगवला नाही. मेथी उगवली, पण दोन पानांवर आली आणि कडा करपू लागल्या. पालकाची पानं आधी जाड, काळपट हिरवी झाली आणि मग टोकाकडून तपकिरी. मला वाटलं झाड उपाशी आहे. जीवामृत पंधरा दिवसांऐवजी आठवड्याला देऊ लागले, वरून लेंडीखताचा हात फिरवला. पुढच्या आठ दिवसांत मिरचीनंही मान टाकली. कीड असेल म्हणून निंबोळी अर्क मारला. त्याचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता, कारण कीड नव्हतीच.

त्याच दिवसांत पाणी वाया जाऊ नये म्हणून मी दोन गोष्टी केल्या. गावातल्या आरओ प्लांटच्या मागच्या नळीतून जे पाणी नालीत जातं, ते दोन कॅन भरून आणू लागले. आणि कूलर धुताना टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालू लागले. आपल्या विदर्भात घरोघरी हे चालतं म्हणून मुद्दाम लिहिते.

रोग ओळखला तो माझ्या सासूबाईंनी. त्या ओसरीवर बसल्या होत्या. माठाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अवं, माठाले पाह्य अन् त्या कुंडीले पाह्य. दोघाईलेही एकच रोग झाला हाये." माठाच्या बाहेरच्या अंगाला बुडाशी पांढरी पोपडी धरली होती आणि कुंडीच्या काठावर, मातीच्या वरही तीच. माठातून पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीतही तेच होत होतं.

माझ्या भाच्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचा पेन होता, तो मागून आणला आणि घरातलं एकूण एक पाणी तांब्यात घेऊन मोजलं. आकडे तेव्हाच कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. बोअर २,४००. नळ २८०. आरओचं शुद्ध पाणी ४०. आरओचं टाकाऊ पाणी ४,६००. आणि कूलरच्या टाकीत तीन दिवस फिरलेलं बोअरचं पाणी ६,१००. हे सगळे लिटरमागे मिलिग्रॅम. कूलर माठासारखाच पाणी उडवतो आणि क्षार टाकीत ठेवतो. रोज वरून भर घातली की ते वाढतच जातात. आरओचं यंत्र प्यायच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या मागच्या नळीत लोटतं. म्हणजे बोअरच्या पाण्यानं झाड आजारी पडत होतं आणि मी त्याला त्याच्या दुप्पट-अडीचपट खारं पाणी पाजत होते.

२,४०० म्हणजे लिटरला सुमारे अडीच ग्रॅम क्षार. कुंडीला रोज अर्धा लिटर पाणी घातलं तर महिन्याला छत्तीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे भरून. ते सगळं खायचं मीठ नसतं हे मला ठाऊक आहे, पण मुळाला त्रास व्हायचा तो होतोच. मातीत क्षार वाढले की पाणी समोर असूनही मुळांना ते ओढून घेता येत नाही. म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाड तहानल्यासारखं कोमेजतं आणि आपण त्याला आणखी तेच पाणी घालतो. शेतात निदान पावसाळा येतो, थोडेफार क्षार खाली धुऊन जातात. घरातल्या कुंडीला पाऊस कुठून मिळणार? तिथे जे घातलं ते तिथेच साचतं. त्यामुळे जे पाणी सांदवाडीत कसंबसं चालून जातं, तेच खोलीत दोन महिन्यांत झाड घालवतं.

सेंद्रिय शब्दानं माझी इथेच फसगत झाली. शेणखत, लेंडीखत, गोमूत्र हे सगळं चांगलंच आहे, पण त्यातही क्षार असतात. गोड्या पाण्याच्या गावात ते झाडाला पचतात. आमच्याकडे पाण्यानं आधीच पातेलं काठोकाठ भरलेलं असतं. म्हणून खारपाणपट्ट्यात घरातल्या कुंडीला जीवामृत पातळ करून आणि कमी वेळा द्यावं, लेंडीखत एक वर्ष तरी मुरलेलं असावं, आणि पानांच्या कडा करपल्या तर आधी खत बंद करावं. शहरातून विकत आणलेल्या नारळाच्या भुशाचंही तसंच. तो धुतलेला नसेल तर त्यातच मीठ असतं. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळल्याशिवाय तो वापरू नये. मी भुसा सोडून दिला आणि कुजवलेलं तुरीचं कुटार (मळणीत उरणारं भुसकट) चाळून घालते. आमची काळी माती एकटी कुंडीत भरू नये. सोडियम जास्त असलेल्या पाण्यानं ती चिकणमाती फुगून मिटते, पाणी वर तळ्यासारखं उभं राहतं आणि वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात निम्मं कुटार आणि वाळू हवी.

एक गैरसमज आमच्या गटाच्या प्रशिक्षणातही ऐकला. पाण्यात लिंबू पिळा, खार मरतो, असं सांगण्यात आलं. पाणी खारं असणं वेगळं आणि पाण्याचा सामू (पीएच) चढलेला असणं वेगळं. बायकार्बोनेटमुळे सामू चढतो, मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी सामूच्या कागदावर रंग पाहत लिंबाचे थेंब घातले तर गुण येतो. पण मिठाचा खारेपणा लिंबानं तसूभरही कमी होत नाही. पेन बुडवून पाहा, आकडा तिथेच राहतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, क्षार बसत नाहीत. उकळल्यानं तर वाढतात, कारण पाणी आटतं. काही घरांत पाणी मऊ करणारी मिठाची यंत्रं बसवतात. अंघोळीला आणि कपड्यांना ती ठीक आहेत, पण ती कॅल्शियम काढून सोडियम घालतात, आणि झाडाला सोडियमच नको असतो.

आणखी एक. प्यायला चालतं ते झाडाला चालतंच, असं नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. सिंचनाच्या पाण्याबद्दल जगभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शनात साधारण ४५० पर्यंत काळजी नाही, ४५० ते २,००० मध्ये पीक पाहून जपावं आणि त्यापुढे गंभीर धोका, असं धरतात. म्हणजे जे पाणी कागदावर प्यायला चालून जातं, त्याच पाण्यात घेवडा, गाजर आणि कांदा रडतात. उलट बीट बरंच सोसतं. आणि आमची घोळ! सगळी खोली कोमेजली होती तेव्हा त्या दोन टोपल्या मात्र टवटवीत होत्या. खाऱ्या पाण्याशिवाय ज्यांना गत्यंतर नाही त्यांनी घोळीपासून सुरुवात करावी, असं मी आता गटातल्या बायकांना सांगते.

मला जमलेला उपाय पावसाच्या पाण्याचा. गोठ्यावर दहा बाय बारा फुटांचे टिनपत्रे आहेत, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्याकडचा पाऊस मी कमीत कमी सहाशे मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा उडालं, सांडलं म्हणून सोडला, तरी पाच हजार लिटरच्या वर जातं. माझ्या खोलीला रोज आठ लिटर लागतात. दसऱ्यापासून मृगापर्यंतचे साडेआठ महिने मोजले तर दोन हजार लिटर. एवढंसं टीन, आणि गरजेच्या दुपटीहून जास्त पाणी त्यावरून वाहून नालीत जात होतं. पहिल्या वर्षी मी जुना रांजण आणि तीन ड्रम भरले, दुसऱ्या वर्षी हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या घेतल्या.

पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मी सोडून देते, कारण टिनावरची धूळ आणि पाखरांची विष्ठा त्यात येते. पन्हाळीच्या तोंडाला दुहेरी कापड बांधते. टाक्या काळ्या आणि घट्ट झाकणाच्या घेतल्या, नाहीतर उजेडानं शेवाळ धरतं आणि फटीतून डास जातात. त्या पाण्याचा आकडा पेनवर वीस-तीसच्या घरात येतो. फार टंचाई असली की एक भाग बोअर आणि तीन भाग पाऊस मिसळते. २,४०० चं पाणी असं सहाशेवर येतं आणि पालक, मेथी त्यावर नीट निघतात. सांबाराचं बी मात्र निव्वळ पावसाच्या पाण्यावर रुजवायचं, त्यात मी तडजोड करत नाही.

ज्या कुंड्या आधीच खारावल्यात त्या फेकू नयेत. खाली भोकं मोकळी करून, कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश वरून सोडावं आणि खालून निघालेलं नालीत टाकावं. थाळीत साचलेलं पाणी तिथेच राहू दिलं तर माती ते परत वर ओढते. मी दर महिन्याला एकदा असं धुते. खालून येणाऱ्या पाण्यात पेन बुडवला की कुंडीच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

नळाच्या पाण्याला क्षाराची भीती कमी, पण पावसाळ्यात टाकीत ब्लिचिंग पावडर पडते. शेवटच्या नळालाही लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असा नियम आहे आणि तो आपल्या जिवासाठीच आहे. एवढ्यानं झाडाला काही होत नाही. पण पावडर टाकलेल्या दिवशी वास मारणारं पाणी घेऊन त्यात जीवामृत कालवलं, तर ज्या जिवाणूंसाठी आपण शेण, गूळ आणि बेसन घालतो तेच मरतात. रुंद तोंडाच्या घंगाळात पाणी एक दिवस उघडं ठेवलं की वास जातो. मग कालवावं. आणि जीवामृत मातीलाच द्यावं, पानांवर शिंपडू नये. सांबार आपण कच्चा खातो, त्यावर शेणाचं पाणी नको. मोड आणि कोवळी रोपं काढायची असतील तर पिण्याचंच पाणी वापरावं. आमच्या घरात आता पाच वर्षांचं नातवंड आहे, म्हणून मी याबाबत कडक आहे.

खारपाणपट्ट्याबाहेरच्या वाचकांनी हे आपल्या कामाचं नाही म्हणून सोडू नये. माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यात दिली आहे. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते माणसाचे दात आणि हाडं बिघडवतं. तिच्या ओसरीवरच्या स्पायडर प्लांटची टोकं वर्षानुवर्षं वाळतात. त्या जातीच्या झाडांना फ्लोराइड सोसत नाही. पाण्याचा आकडा तिथे बरा दिसतो, कारण फ्लोराइड लिटरला दीड-दोन मिलिग्रॅम असलं तरी माणसाला जास्त होतं आणि पेनला ते वेगळं ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. नमुना देताना बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि वर स्रोत व तारीख लिहावी. झाडासाठी तपासायचं असेल तर सामू, ईसी (विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षार कळतात) आणि सोडियमचं प्रमाण हे तिन्ही मागावं.

आता मागणं. आपल्या पुरवणीत यापुढे बागेचा लेख आला तर त्यात पाण्याच्या आकड्याची एक चौकट असू द्या. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, या जमिनीचा आणि पाण्याचा अभ्यास असलेली माणसं तिथे आहेत. त्यांच्याकडून कुंडीतल्या आणि परसबागेतल्या भाज्यांसाठी सोप्या भाषेत लिहून घ्या. शेतासाठी बरंच लिहिलं जातं, बाईच्या दहा कुंड्यांसाठी कुणी लिहीत नाही.

दुसरं ग्रामपंचायतींना. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. जिथे ते किट कपाटात पडून आहे तिथे ते बाहेर काढा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, गावातल्या प्रत्येक बोअरचा आणि हातपंपाचा आकडा फलकावर खडूनं लिहा. क्षार मोजायचा पेन तीनशे रुपयांच्या आत मिळतो. परसबागेसाठी बियाण्यांची पाकिटं वाटली जातात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण खाऱ्या पाण्याच्या गावात पाकिटाबरोबर एक पन्हाळ आणि एक झाकणाचा ड्रम दिला तर त्यातलं बी उगवेल.

माझ्या दुसऱ्या टाकीत आज वीतभर पाणी उरलंय. मेथीची एक खेप त्यावर निघेल. हे पत्र मृगाच्या आत छापलंत, तर ज्यांच्या गोठ्यावर टीन आहे त्यांना पन्हाळ बसवायला आठवडाभर तरी मिळेल.

आपली एक वाचक,
ता. दर्यापूर, जि. अमरावती